परक्या हातातला दोर

माझ्या भावाचं लग्न व्हावं म्हणून आख्खं बेट कामाला लागलं होतं, फक्त भाऊ सोडून.

दरवर्षी जूनच्या सुरुवातीला आमच्या साएजिमा बेटावर नागोयाहून बायकांची एक सहल येते. बेट पाहायला, दीपगृहावर चढायला, समुद्रात डुंबायला, निखाऱ्यांवर भाजलेले शंख खायला. सांगायला ती नुसती सहल. पण बेटावर लग्नाचे राहिलेले कोळी कोण आणि बोटीतल्या बिनलग्नाच्या बायका कोण, याचा मेळ गावकचेरीतल्या कुरीहाराने आधीच घालून ठेवलेला असतो. पाहुण्यांना ते ठाऊक असतं, आम्हालाही असतं, आणि दोन्हीकडची माणसं "हवा काय छान आहे नाही?" असं म्हणत दोन दिवस ढकलतात. आजवर दोन-तीन लग्नं जमलीसुद्धा. त्यातलं एक मोडलं, पण ते नवऱ्याच्या घोरण्यामुळे. त्यात बेटाचा काय दोष?

इसामुचं नाव मी परस्पर देऊन टाकलं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला नसता. तो काहीच म्हणाला नसता. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण दिवसाकाठी चार शब्द बोलला तर माझं नशीब. आई गेली तेव्हा त्याला धड चालताही येत नव्हतं. मीच त्याला पाठीशी बांधून वाढवला, त्यामुळे भाऊ म्हणा, मुलगा म्हणा, जे आहे ते एवढंच.

"सहलीला होडी चालवायला माणूस हवाय म्हणे," मी जेवताना म्हटलं.

"हं."

"तूच जायचंयस."

"हं."

"आणि नवा शर्ट घालायचा."

तेव्हा कुठे त्याने भाताच्या वाडग्यातून मान वर काढली. "होडी चालवायला?"

"नागोयाचे पाहुणे आहेत. आपली काही इज्जत आहे की नाही?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा "हं" म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं. पण अशा वेळी जास्त बोलून काम नासवायचं नसतं.

आता माझ्या धंद्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी आमा. पाण्यात बुडी मारून अवाबी काढते. एकाच शिंपलीखाली खडकाला घट्ट चिकटून बसणारा तो मांसाचा गोळा, ज्याच्यासाठी शहरातली माणसं वेडी होतात. आमच्याकडे बुडी बायका मारतात आणि पुरुष होडीत बसून दोर धरतात. कमरेला दोर बांधायचा, हातात वजन घ्यायचं, झरझर तळाला जायचं, वजन सोडायचं, लोखंडी पट्टीने अवाबी उचकटायचा आणि दोराला हिसका द्यायचा. वरचा माणूस हातावर हात टाकत ओढतो. तेवढ्या खोलातून नुसते पाय मारत वर यायचं म्हटलं तर श्वास पुरत नाही. म्हणून दोर घरच्याच माणसाच्या हातात असतो. नवरा, भाऊ, मुलगा. परक्याच्या हाती द्यायचा नाही, मग तो देवमाणूस का असेना. माझा दोर आधी माझ्या नवऱ्याने, गेन्झोने धरला. तो गेल्यावर इसामुने.

यावरून तोमेको मला टोचल्याशिवाय कशी राहील? तोमेको माझ्या शेजारची, माझ्यासारखीच आमा, जीभ मात्र माझ्याहून लांब. बुडी मारून आलो की आम्ही सगळ्या किनाऱ्यावरच्या खोपटात चुलीभोवती अंग शेकत बसतो. तिथेच तिने विषय काढला.

"नामिए, त्याचं लग्न लावायला निघालीस खरी. पण उद्या बायको त्याला नागोयाला घेऊन गेली तर तुझा दोर कोण धरणार? मांजर?"

"मांजर तुझ्या नवऱ्यापेक्षा बरं धरेल," मी म्हटलं. "निदान झोपणार तरी नाही."

सगळ्या खिदळल्या. मीही हसले. पण ते काट्यासारखं आत रुतून बसलं. मी चौसष्टची झालेय. माझ्यानंतर त्या घरात इसामु एकटा, समोर एक वाडगा, बोलायला भिंत, हे चित्र मला बघवत नव्हतं. आणि तो गेला तर माझी बुडी त्या दिवसापासून बंद, तेही बघवत नव्हतं. दोन्ही खरं होतं. माणसाचं मन एकाच बाजूला कललं असतं तर किती बरं झालं असतं!

सहलीच्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. जूनमध्ये आमच्याकडे उतरतं तसं, दुधाळ, कोमट. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे लागतं काही समजेना. आम्ही सगळे धक्क्यावर उभे होतो आणि बोटीचा आवाज आधी आला, बोट नंतर. धुक्यातून पहिल्यांदा टोप्या दिसल्या, पिवळ्या, निळ्या, एक लालबुंद. मग टोप्यांखाली बायका. पाण्यावर पाय न टेकवता येताहेत असंच वाटलं मला. कुरीहारा हातातला फलक हलवून "या, या, स्वागत आहे!" असं ओरडत होता, आणि आमचे नवरदेव खांबांना टेकून मूग गिळून उभे होते. इसामु तर सगळ्यांच्या मागे, नव्या शर्टाचं वरचं बटण गळ्यापर्यंत लावून.

"बटण सोड ते," मी हळूच म्हटलं. "फास लावल्यासारखा दिसतोयस."

सगळ्यात शेवटी जी उतरली ती चाळिशीची, आखूड केसांची, अंगाने भरलेली. बाकीच्या बायका आमच्या माणसांकडे चोरून बघत होत्या. ही बघत होती बोटीच्या मागच्या बाजूकडे. धुक्यात ती बोट धक्क्याला कशी अलगद टेकली ते तिने नीट पाहिलं, वर मान करून कप्तानाला वाकून नमस्कार केला आणि मग पुढे आली. नंतर समजलं, ती नागोयात शहरातली बस चालवते. चिगुसा ओगिसो तिचं नाव.

त्या दिवशी ओहोटी मोठी होती. धुकं विरळ झालं आणि वाळूचा पट्टा वर आला. आमच्या बेटापासून समोरच्या छोट्या देवळाच्या खडकापर्यंत पाण्यातून एक वाट निघते, ओहोटीपुरती. दोन्ही बाजूंना घोट्याएवढं पाणी, काचेसारखं थांबलेलं. बायका चपला काढून एकीमागून एक निघाल्या आणि लांबून बघताना वाळू दिसेचना. नुसत्या बायका समुद्रावरून चालत चालल्या होत्या, हसत, एकमेकींचे फोटो काढत. त्यांच्या सगळ्यांच्या चपला दोन टोपल्यांत भरून इसामु त्यांच्या मागे.

"बघा, बघा," तोमेको खोपटाच्या दारातून म्हणाली, "नवरदेव निघाले चपलांचं दुकान घेऊन!"

"गप गं," मी म्हटलं. पण माझे डोळे त्याच्यावरून हलेनात.

चिगुसा मागे राहिली होती. वाटेतल्या खडकांत पाणी साचून जी डबकी होतात, त्यातल्या एकात ती वाकून बघत होती. तिने काहीतरी विचारलं. इसामुने टोपल्या खाली ठेवल्या आणि उत्तर दिलं. एका शब्दाचंच असणार, पण दिलं. मग ती खडकावर बसली, पाय त्या कोमट पाण्यात सोडले, पाठ मागच्या दगडाला टेकवली आणि बघता बघता झोपून गेली. हो, झोपून गेली! बाकीच्या देवळात जाऊन घंटा वाजवून, नवस बोलून परत आल्या, तिच्या बाजूने निघूनही गेल्या, तरी ही झोपलेली. आणि माझा भाऊ शेजारच्या खडकावर बसलेला, चपलांचा एक उरलेला जोड मांडीवर घेऊन. वारा नव्हता. पाणी चोरपावलांनी परत येत होतं, वाळूची वाट दोन्ही कडांनी बारीक होत चालली होती, आणि ती दोघं त्या उजेडात अशी बसली होती की मला क्षणभर हाक मारावीशीही वाटली नाही. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं तेव्हा ती जागी झाली.

संध्याकाळी मी त्याला झापलं. "अरे, उठवायचं ना तिला! वाट बुडली असती म्हणजे?"

"झोपली होती," तो म्हणाला.

"ते दिसत होतं मला."

"गाढ झोपली होती, ताई." आणि तो चक्क हसला. मी चहा ओतत होते, तो कपाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी समुद्रातली मौज होती. ज्यांना येतं त्या पोहल्या, ज्यांना येत नाही त्या फुगवलेल्या चकत्यांवर तरंगल्या, आणि काचेच्या तळाच्या होडीतून बाकीच्यांना खालचे मासे दाखवले. मग आमा बुडी कशी मारते ते पाहुण्यांना दाखवायचं, हे काम माझ्याकडे. बायका काचेच्या होडीतून बघणार होत्या. पण चिगुसाने कुरीहाराला विचारलं, "मी त्या दोराच्या होडीत बसले तर चालेल का?" कुरीहाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बसू दे की. वजन जास्त आहे, होडी हलणार नाही." मी असं बोलून जाते, माझा स्वभावच तसा. तीही मोठ्याने हसली. मला ती आवडली.

खाली गेले की मला काही ऐकू येत नाही, हे माझं सगळ्यात मोठं सुख. वर कितीही कलकल असो, वजन मला खाली नेतं आणि एकेक आवाज सुटत जातो. त्या दिवशी पाणी हिरवं होतं, पिकल्या द्राक्षाच्या आतून बघावं तसं. लांब लांब शेवाळाची पानं एका तालात इकडून तिकडे डोलत होती. त्यांच्या फटीतून ऊन खाली सांडत होतं. एक रंगीत मासा माझ्या चेहऱ्यासमोर थांबला, काय बघायचं ते बघून निघून गेला. मी कपारीत हात घातला, अवाबी लागला, पट्टी सरकवली, निघाला. भला मोठा. दोराला हिसका दिला.

दोर हलला नाही.

मी पुन्हा हिसका दिला. काही नाही. दोर नुसता सैल, पाण्यात वळत राहिलेला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हातातला अवाबी सोडला आणि पाय मारायला लागले. वरचा उजेड दिसत होता पण जवळ येईना. छाती आतून ठोकायला लागली. माझ्या मनात गेन्झोचं नाव आलं, आणि तेवढ्यात कमरेला जोराचा ओढा बसला.

पाण्याबाहेर डोकं आलं तेव्हा मला शिट्टीसुद्धा वाजवता येईना. आमा वर आली की ओठांतून लांब शीळ घालत श्वास सोडते. माझ्या घशातून नुसती खरखर निघाली. इसामुने मला होडीत घेतलं. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"काय करत होतास?" मला जरा बोलता यायला लागल्यावर मी विचारलं.

तो ओला दोर गुंडाळायला लागला.

"काय करत होतास, इसामु?"

"बोलत होतो," तो म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आमा पाण्याखाली असताना दोर धरणारा बोलत नाही. शेजारी आग लागली तरी बोलत नाही. आणि हा, जो वर्षानुवर्षं माझ्याशीही बोलला नाही, तो माझ्या डोक्यावर बसून गप्पा मारत होता! मी त्याला काय काय बोलले ते आता सांगत नाही. काचेच्या होडीतल्या बायकांनी सगळं ऐकलं. चिगुसा होडीच्या टोकाला अंग चोरून बसली होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मीच विचारलं त्यांना. माझ्या बसमध्ये डोळ्यांसमोर पाटी असते, चालकाशी बोलू नये म्हणून. मला कळायला हवं होतं."

"हो, हवं होतं!" मी म्हटलं. तिचे डोळे भरून आले. ती किनाऱ्यावर उतरून सरळ मुक्कामाच्या घराकडे निघून गेली, मागे वळून न बघता.

संध्याकाळी इसामु जेवला नाही. दाराच्या पायरीवर पाठमोरा बसून राहिला. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी सुटणार होती. त्याआधी धक्क्यावर निरोपाचा छोटा कार्यक्रम असतो. ज्याला कुणी आवडली असेल त्याने पुढे होऊन तिला पुन्हा यायचं आमंत्रण द्यायचं, सगळ्यांसमोर. एवढं एक वाक्य बोललं की झालं.

"मी उद्या धक्क्यावर येणार नाही," तो पाठमोराच म्हणाला.

"का?"

"तू मेली असतीस, ताई."

"मेले नाही ना?"

"माझ्या हातून मेली असतीस. मी परत कधी तिच्याशी बोलणार नाही. कुणाशीच नाही. दोर धरीन तेवढा."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. राहिला! माझ्याजवळ राहिला, दोर राहिला, बुडी राहिली. क्षणभर नाही, चांगला चहा संपेपर्यंत बरं वाटलं मला. मग त्याची पाठ दिसली. शर्ट अजून तोच होता, नवा, आता मिठाने पांढरा पडलेला. त्या पाठीकडे बघता बघता मला ती पाठ माझ्या वयाची झालेली दिसली, त्याच पायरीवर, तशीच. आणि मला लाज वाटली.

तेवढ्यात तोमेको आली, शिजवलेल्या माशाचं भांडं घेऊन. तिने त्याला पाहिलं, मला पाहिलं आणि मला बाजूला ओढलं.

"काय गं, शिक्षा किती दिवसांची आहे त्याची?"

"मी कुठे शिक्षा दिली? त्यानेच घेतली."

"आणि तू ती मुकाट्याने ठेवून घेतलीस. नामिए, कमरेला दोर तुझ्या असतो, पण बांधलेला तो आहे."

"तोंड आवर तोमेको," मी म्हटलं. पण ती खरं बोलली होती, आणि खरं बोलणाऱ्या बाईवर जास्त वेळ रागावून चालत नाही. भांडं घेतलं, मासा खाल्ला. चांगला झाला होता.

सकाळी पुन्हा धुकं. मी अंगावर बुडीचे पांढरे कपडे चढवले, पट्टी घेतली आणि पाहुण्यांच्या मुक्कामी जाऊन चिगुसाच्या खोलीचं दार वाजवलं. ती सामान बांधून तयार बसली होती. रात्रभर झोपली नसावी.

"चल," मी म्हटलं.

"कुठे?"

"होडीत. बोट दुपारी आहे. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण."

तिने नाही म्हटलं नाही. वाटेत चालताना मी विचारलं, "काल काय बोलत होतात एवढं?"

"मी विचारलं, दिवसभर इथे बसून तुम्ही काय बघता. ते म्हणाले, थंडीत समोरची बेटं पाण्यावरून उचलली जातात. त्यांच्या खाली आकाश दिसतं. मग दुपारी ऊन तापलं की ती हळूच परत खाली बसतात. त्यांना वाटतं की बेटंसुद्धा श्वास घ्यायला वर येतात, तुमच्यासारखी."

मी थांबले. थंडीतली ती तरंगती बेटं आम्ही सगळेच बघतो, जन्मापासून. पण त्याला असं वाटतं हे मला माहीत नव्हतं. ज्याला मी पाठीवर घेऊन वाढवला, त्याने मला हे कधीच सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी मी तिला मिठी मारली असती.

इसामु होडी पुसत होता. तिला बघून तो उठून उभा राहिला आणि होडी कलंडायची राहिली.

"बस खाली," मी म्हटलं. "वल्ही मार. कालच्याच जागी."

धुक्यात आम्ही तिघं निघालो. वल्ह्यांचं पाणी तेवढं टपटपत होतं, आणि किनारा गेला, दीपगृह गेलं, सगळंच गेलं. होडी पाण्यात आहे की ढगात, काही समजत नव्हतं. कालच्या जागी आल्यावर मी कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक चिगुसाच्या मांडीवर ठेवलं.

इसामुचा हात पुढे आला. "ताई! परक्याच्या हातात दोर..."

"मग परकी ठेवू नकोस," मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला. चिगुसाने मान खाली घातली. माझं बोलणं तिला समजलं होतं, कारण तिने खिशातून बस चालवायचे पांढरे हातमोजे काढून चढवायला घेतले.

"काढ ते. मोजे ओले झाले की दोर निसटतो. उघड्या हाताने धर." तिने मोजे काढले. "मी हिसका देईन. मग ओढायचं. थांबायचं नाही, कितीही जड लागलं तरी."

"आणि हिसका कळला नाही तर?"

"तर मी तुला भूत होऊन छळीन. तुझ्या बसमध्ये रोज बसेन, तिकीट न काढता."

ती हसली नाही. इसामु तिला काही सांगायला गेला, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. शिकवून येत असतं तर शिकलेल्या माणसाने काल चूक केली नसती. मी भ्यालेले होते. चांगलीच भ्यालेले होते, हे त्या दोघांना दिसू नये म्हणून मी पटकन वजन उचललं आणि उतरले.

खाली धुकं नव्हतं. खाली सगळं कालच्यासारखंच, हिरवं, डोलणारं, मला न ओळखणारं. मी शेवाळ बाजूला केलं. मनात आलं, आता हा दोर म्हणजे नागोयाची एक बाई, जिला मी परवापर्यंत ओळखत नव्हते. आत्ता ती घाबरून उठली, रडायला लागली, हात सुटला, तर संपलं. आणि नवल म्हणजे तेवढा विचार करूनही मला परत वर जावंसं वाटेना. तळाशी फार शांत होतं. कपारीत एक अवाबी दिसला, कडेला हिरवट झाक असलेला, जुना, माझ्याएवढाच हट्टी असणार. मी पट्टी काढली, त्याच्या कडेला लावली, जोर देणार...

तोच कमरेला असा ओढा बसला की पट्टी हातातून गेली! मी हिसका दिलाच नव्हता. शेवाळाची पानं तोंडावर सपासप लागली, अवाबी खाली राहिला, आणि मी बटाट्याच्या पोत्यासारखी वर आले.

"कुणी ओढायला सांगितलं?" पाण्यातून डोकं काढल्या काढल्या मी ओरडले. "अगं, मी अजून हातसुद्धा लावला नव्हता! एवढा मोठा होता! मी हिसका दिला होता का?"

चिगुसा होडीच्या काठाशी गुडघ्यांवर बसली होती. दोर दोन्ही हातांत गच्च, तळवे सोलवटलेले, चेहरा लालभडक, तोंड उघडं. ती बोलायला बघत होती पण तिला धाप लागली होती.

"माझा... माझा श्वास संपला," ती म्हणाली.

मी काठ धरून तशीच राहिले. मी इसामुकडे बघितलं. त्याने हळूच नकाराची मान हलवली. त्याने तिला सांगितलेलं नव्हतं. हे कुणी कुणाला सांगतच नाही. बाई खाली गेली की वरच्यानेही श्वास धरायचा, तिचा संपायच्या आत आपला संपतो, म्हणजे वेळ कळते. गेन्झो धरायचा. मी वर आले की त्याचं तोंड माझ्याहून लाल असायचं आणि मी त्याला हसायचे. आणि ही बाई, जिला पोहता येतं की नाही हेही मला माहीत नव्हतं, माझ्यासाठी आपला श्वास धरून बसली होती.

मला रडू आलं. ओल्या तोंडावर ते कुणाला दिसलं नसणार, पण आलं.

धुक्यातून कुठूनतरी कुरीहाराच्या हाका ऐकू येत होत्या. "ओगिसो-सान! अहो, बोट लवकर आलीय!" कुणीच ओ दिली नाही. चिगुसाच्या हातून दोर सुटेना. बोटं आखडली होती, आणि आता ती नखशिखान्त कापत होती. इसामुने नेहमीसारखं खाली वाकून मला वर घ्यायला दोन्ही हात पुढे केले. इतकी वर्षं तसंच घेत आलाय तो मला.

"मला नको," मी म्हटलं. "तिला धर. बघत काय बसलायस? धर तिला!"

तो वळला.

मग मी काठावर कोपर टेकलं, एक पाय आत टाकला, घसरले, पुन्हा टाकला आणि एकटीच होडीत चढले. गुडघा चांगला खरचटला.